मॉडेल टगबोटीसाठी मोटर आणि ड्राइव्ह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टग (मोठी जहाजं ओढणारी ठेंगणी बोट) बांधायला घेतलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो असा: "कुठली मोटर टाकू?" त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: "पंखा केवढा आहे?" कोकणातले मच्छीमार प्रोपेलरला पंखाच म्हणतात, तेव्हा इथेही पंखाच म्हणूया. खालचे प्रश्न गेल्या काही वर्षांत मला तलावाच्या काठावर, फोनवर आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत विचारले गेलेले आहेत. उत्तरं माझ्या जळलेल्या मोटरींच्या हिशेबाने दिली आहेत.

मोटरच्या आधी पंखा का ठरवायचा?

पंखा हवा तसा बदलता येत नाही, म्हणून. टगच्या मागच्या बाजूला तळाखाली जेवढी जागा आहे तेवढाच पंखा बसणार. तो मोठ्यात मोठा बसवायचा आणि सावकाश फिरवायचा, हेच टगचं सगळं गणित. तेवढीच शक्ती खर्च करून दुप्पट व्यासाचा पंखा फिरवला, तर जागेवरची ओढ दीडपटीहून जास्त, साधारण १.६ पट मिळते. थोड्या पाण्याला जोरात ढकलण्यापेक्षा भरपूर पाण्याला हळू ढकलणं स्वस्त पडतं.

पण याला दुसरी बाजू आहे. फेरे तेच ठेवून व्यास वाढवला की मोटरवरचा भार व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणजे ५० मिमीच्या जागी ६० मिमीचा पंखा लावला, तर दिसायला फरक करंगळीएवढा, पण शक्ती लागते अडीचपट. "फक्त पंखाच तर बदलला" असं सांगत येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा काळी पडलेली मोटर असते.

खऱ्या टगवरून मॉडेलचे आकडे कसे काढायचे?

यात मजा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गेटवेहून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलात की मोठ्या जहाजांच्या आसपास घुटमळणाऱ्या ठेंगण्या, रुंद टग दिसतात. त्यातलीच एक समजा: लांबी २८ मीटर, वजन ५०० टन, दोन पंखे प्रत्येकी २.४ मीटर व्यासाचे, एकूण शक्ती ३००० किलोवॉट, बोलार्ड पुल ५० टन, वेग १२ नॉट. बोलार्ड पुल म्हणजे धक्क्यावरच्या खुंटाला दोर बांधून जागेवरच जोर लावला, तर दोरावर किती ताण येतो तो आकडा. टगची ताकद याच आकड्यात सांगतात.

आता ही टग १:३२ प्रमाणात बांधू. लांबी ३२ ने भागायची, आली साडेसत्त्याऐंशी सेंटिमीटर. पंखा ७५ मिमीचा. वजन मात्र ३२ च्या घनाने, म्हणजे ३२,७६८ ने भागायचं: सव्वापंधरा किलो. ओढही घनानेच: दीड किलोच्या आसपास. वेग ३२ च्या वर्गमुळाने भागायचा: सेकंदाला १.०९ मीटर, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तेवढा. पंख्याचे फेरे उलट वर्गमुळाने वाढतात. खऱ्या टगचा पंखा मिनिटाला २३० फेरे घेत असेल, तर मॉडेलचा १३०० घेईल. आणि शक्ती साडेतीनाव्या घाताने उतरते, म्हणजे ३००० किलोवॉटचे उरतात अवघे १६ वॉट.

१६ वॉट! बैठकीतल्या एलईडी ट्यूबलाइटएवढे. सव्वापंधरा किलोची बोट आणि एवढीशी शक्ती, यावर कोणाचाच पटकन विश्वास बसत नाही. पण गणित हेच आहे.

मग १६ वॉटची मोटर घेतली की झालं?

नाही, तेवढ्यावर भागत नाही. छोटा पंखा खऱ्याइतका कार्यक्षम नसतो, शाफ्टच्या, म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या, नळीत घर्षण असतं, आणि साधी ब्रशवाली मोटर घेतलेल्या विजेतला तिसरा हिस्सा सहज उष्णतेत घालवते. तळ्यात वाराही असतो, आणि वारा स्केलप्रमाणे लहान होत नाही. मी निघालेल्या आकड्याच्या दोन ते तीन पट विजेची तयारी ठेवतो. म्हणजे वरच्या टगसाठी दोन मोटरी मिळून ४० वॉट. याहून जास्त टाकलीत तर बोट टगसारखी चालणार नाही, स्पीडबोटीसारखी नाक वर करून पळेल आणि मागच्या कठड्यावरून पाणी आत घेईल.

५४० मोटर थेट शाफ्टला जोडली तर काय बिघडतं?

पहिल्या टगला मी तेच केलं होतं. आरसी, म्हणजे रिमोटवरच्या, कारमधून काढलेली ५४०, ७.२ व्होल्ट, थेट कपलिंग, आणि पुढे हौसेने घेतलेला ५५ मिमीचा पितळी पंखा. मोकळ्या पाण्यात मिनिटभर झकास पळाली. मग एका मित्राच्या बोटीला दोर बांधून ओढायला गेलो. टग जागेवरच थरथरायला लागली, मागे फेस, आणि तीस सेकंदांत गोड-जळका वास. झाकण उघडलं तर टर्मिनलवरचा सोल्डर वितळून वायर सुटली होती. नशीब म्हणायचं, ती सुटली म्हणून बॅटरी वाचली.

कारण साधं आहे. ही साधी ५४० मोकळी असताना ७.२ व्होल्टवर मिनिटाला १५ हजारांच्या आसपास फेरे घेते. मोठा पंखा तिला तेवढे फिरू देत नाही, तो दाबून धरतो. डीसी मोटर दाबली की फेरे घटतात, करंट वाढतो, आणि जास्तीचा करंट वाइंडिंग तापवण्यात जातो. मोकळ्या फेऱ्यांच्या निम्म्यावर मोटर आली, की ती जास्तीत जास्त शक्ती देत असते खरी, पण घेतलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त वाया घालवत असते. कसारा घाट चौथ्या गिअरमध्ये चढवायला गेल्यासारखं. भाराखाली मोटर मोकळ्या फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशाखाली उतरू द्यायची नाही, हा माझा नियम.

ब्रशवाल्या मोटरींत टगला काय चालतं?

आकारावरून सांगतो. ३८० जातीची मोटर २८ मिमी व्यासाची; ४०-४५ सेंटिमीटरपर्यंतच्या टगला, ३० ते ३५ मिमी पंख्याला, तीही रिडक्शन (मोटर आणि पंख्याच्या मध्ये फेरे कमी करायची सोय) घालून. ५४० आणि ५५० या ३६ मिमी व्यासाच्या. बहुतेकांचं काम यांच्यावर निभतं. ७७५ ही ४२ मिमीची, ऑनलाइन स्वस्त मिळते, ड्रिल बनवणारे वापरतात. तिचा आकार बघून भुलू नका: १२ व्होल्टची म्हणून विकली जाणारी ७७५ बऱ्याचदा मिनिटाला दहा हजारांच्या वर पळणारी असते. ६ व्होल्टवर चालवून फेरे निम्मे करता येतात, पण तरी ते टगला जास्तच.

आकारापेक्षा वाइंडिंगचे वेढे बघा. आरसी कारच्या मोटरींवर १२टी, २७टी, ५५टी असे आकडे असतात. वेढे जितके जास्त, तितके फेरे कमी आणि दर अँपिअरमागे टॉर्क जास्त. वरची १५ हजारांची मोटर २७टी. तीच ५५टी घेतली की साधारण साडेसात हजारांवर येते. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांसाठी ३५टी, ५५टी, ८०टी मोटरी बनतात. मला विचाराल तर टगवाल्यांनी क्रॉलरवाल्यांचे आभार मानायला हवेत.

एक बारीक गोष्ट. काही कारच्या मोटरींचं टायमिंग पुढे ओढलेलं असतं, म्हणजे ब्रशची जागा मुद्दाम एका दिशेला सरकवलेली असते. त्या एका दिशेने जोरात आणि उलट दिशेने मंद फिरतात. दोन पंख्यांच्या टगमध्ये एक मोटर सुलट आणि एक उलट फिरवायची असते, तेव्हा अशी जोडी लावली तर बोट कायम एका बाजूला झुकत जाते आणि तुम्ही बिचाऱ्या सुकाणूला दोष देत बसता.

ब्रशलेस घ्यावी का?

घ्या, पण ड्रोनच्या दुकानातली समोर दिसेल ती नको. ब्रशलेसवर केव्ही लिहिलेलं असतं: एका व्होल्टला किती फेरे. ड्रोनची नेहमीची १००० केव्ही मोटर १२ व्होल्टवर १२ हजार फेरे घेणार. टगला तिचा काय उपयोग? मोठ्या ड्रोनसाठी बसकी, रुंद ५०१० जातीची ३६० केव्ही मिळते. ती ७.४ व्होल्टवर मोकळी असताना २६६४ फेरे घेते. अशी मोटर मध्यम पंख्याला थेट जोडता येते, आवाज जवळपास नाही, ब्रश झिजायची भीती नाही.

अडचण येते ती हळू चालवताना. सेन्सर नसलेली ब्रशलेस अगदी कमी फेऱ्यांवर अडखळते, सुरू होताना झटका देते. टगचं अर्धं कौशल्य तर इंचाइंचाने जहाजाला टेकण्यात आहे. सेन्सरवाली मोटर आणि तसाच ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) घेतला तर हे सुटतं, पण खिसा हलका होतो. शिवाय ड्रोनच्या साध्या ईएससीला रिव्हर्स नसतो. दोन्ही दिशांना फिरवणारा बोटीचा किंवा कारचा घ्या, नाहीतर फर्मवेअरमध्ये दोन्ही दिशांची सोय असलेला. पहिल्या टगला मी तरी ब्रशवालीच सुचवतो.

डायरेक्ट, गिअर की बेल्ट?

खऱ्या टगवरसुद्धा इंजिन आणि पंखा यांच्यामध्ये फेरे कमी करणारा गिअर असतो, तेव्हा आपल्याला लाज कसली?

बेल्ट मला सगळ्यात आवडतो आणि त्याचं श्रेय थ्री-डी प्रिंटरला. त्यात वापरतात तो जीटी२ बेल्ट: २ मिमीचे दात, ६ मिमी रुंदी, बंद वेढ्याचा, स्वस्त, कुठेही मिळणारा. मोटरवर २० दातांची आणि शाफ्टवर ६० दातांची पुली लावली की ३:१ रिडक्शन झालं. २०० मिमीचा बेल्ट घेतला तर दोन्ही केंद्रांतलं अंतर साधारण ५८-५९ मिमी येतं; मोटरच्या पट्टीला लांबट भोकं पाडून ठेवा, म्हणजे ताण कमीजास्त करता येतो. ताण किती? बोटाने दाबल्यावर मधोमध दोन-तीन मिमी दबला की पुरे. तारेसारखा ताणलात तर मोटरचा बुश (दांडा ज्यात फिरतो ते छोटं कडं) खाल.

वरच्या १:३२ टगचा हिशेब पुरा करू. ५५टी मोटर, ७.२ व्होल्ट, ४:१ रिडक्शन, म्हणजे २० आणि ८० दातांच्या पुली. मोकळे फेरे पंख्याशी १८५० च्या जवळ, भाराखाली १५०० च्या आसपास. हवे होते १३००. थोडे हातचे राखलेले बरे. अशा वेळी एक मोटर दोन-अडीच अँपिअर घेईल असा अंदाज, आणि ती तासभर चालली तरी फक्त कोमट राहायला हवी.

गिअर वापरायचेच असतील तर पिनियन-स्पर (एक लहान, एक मोठं दातेरी चाक) जोडी चांगली, पण आवाज होतो आणि प्लायवूडची बोट तो आवाज ढोलकीसारखा वाढवते. डायरेक्ट जोडणी मी फक्त मुद्दाम संथ बनवलेल्या मोटरींना करतो. जुन्या गाड्यांचे एसी-हीटरचे ब्लोअर असतात ना, त्यातली १२ व्होल्टची मोटर ६ व्होल्टवर छान शांत फिरते. भंगारवाल्याकडे चक्कर मारून बघा. जड असते, पण टगला वजन हवंच असतं.

वायपर मोटर किंवा रोबोटिक्सवाल्या गिअर्ड मोटरी चालतील?

वायपर आणि पॉवर विंडोच्या मोटरी वर्म गिअरमुळे मिनिटाला शंभर फेरेसुद्धा घेत नाहीत. पंखा फिरेल, बोट हलणार नाही. इंजिनिअरिंगची मुलं घेतात त्या १२ व्होल्ट गिअर्ड मोटरी १००, ३००, ५००, १००० फेऱ्यांच्या मिळतात. त्यातली १००० ची मोठ्या पंख्याला ओढत नेते, पण गिअरची किरकिर काठावर ऐकू येते. त्यांची खरी जागा पॅडल टगमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना वल्ह्यांची चाकं असलेल्या टगमध्ये आहे.

पॅडल टगला वेगळं काय लागतं?

तिथे सगळंच संथ: चाकाला मिनिटाला शंभर-दीडशे फेरे. प्रत्येक बाजूला एक गिअर्ड मोटर, प्रत्येकीला वेगळा ईएससी. चाकं स्वतंत्र फिरली की बोट जागच्या जागी गिरकी घेते. ब्रिटिश नौदलाने १९५७-५८ मध्ये विमानवाहू जहाजं हलवण्यासाठी डायरेक्टर वर्गाच्या पॅडल टग बांधल्या, त्या डिझेल-इलेक्ट्रिक होत्या आणि त्यांची दोन्ही चाकं स्वतंत्र विजेवर फिरत. वाफेवर चालणाऱ्या चार्लट डंडास या बोटीने १८०३ साली स्कॉटलंडच्या कालव्यात ७० टनांचे दोन बार्ज ओढून दाखवले, तिथपासून पाहिलं तर पॅडल टगची गोष्ट दीडशे वर्षं चालली. मॉडेलसाठी फार सुंदर विषय आहे, आपल्याकडे कोणी हात घालत नाही.

एक पंखा की दोन?

एक पंखा, एक सुकाणू: स्वस्त, सोपं, आणि बोट चालवायला शिकवणारं. उजव्या वळणाचा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा) पंखा उलटा फिरवला की बोटीची मागची बाजू डावीकडे सरकते. हे एकदा अंगवळणी पडलं की त्याचाच उपयोग करून धक्क्याला लागता येतं.

दोन पंखे असतील तर एक डाव्या आणि एक उजव्या वळणाचा घ्या, आणि पुढे जाताना वरच्या कडा बाहेरच्या बाजूला फिरतील असे बसवा. दोन स्वतंत्र ईएससी लावून रिमोटमध्ये मिक्सिंग केलं की वळताना आतला पंखा आपोआप मंदावतो. दोन्ही मोटरी एकाच ईएससीवर जोडून दोन पंख्यांची टग बांधणारे मी पाहिले आहेत. मग दुसऱ्या पंख्याचा खर्च कशाला केला, हे त्यांनाच ठाऊक.

कॉर्ट नोझल मॉडेलवर उपयोगी पडतं का, की नुसतं दिसायला?

उपयोगी पडतं. पंख्याभोवतीची ही कडी जर्मनीच्या लुडविग कॉर्टच्या नावाने ओळखली जाते. खऱ्या टगमध्ये तिच्यामुळे जागेवरची ओढ पाव ते तिसऱ्या हिश्श्याने वाढते. वेग वाढला की फायदा ओसरतो. मॉडेलवर तिचं यश एका गोष्टीवर ठरतं: पात्याचं टोक आणि कडी यांतली फट. अर्धा ते एक मिमी ठेवायची. तीन मिमी ठेवलीत तर ती नुसती बांगडी. नोझलमध्ये गोल टोकांचा पंखा नको, सरळ कापल्यासारख्या रुंद टोकांचा घ्या. आणि शाफ्टचा बुश झिजून पंखा डगमगायला लागला की पाती आधी नोझलला घासतात, कर्रर आवाज येतो, मग करंट चढतो.

झेड-ड्राइव्ह आणि फॉइथ-श्नायडर?

आजच्या बंदरांतल्या बहुतेक नव्या टग झेड-ड्राइव्हवर चालतात. पंखाच ३६० अंशांत फिरतो, सुकाणूची गरज नाही. शॉटेल या जर्मन कंपनीच्या योझेफ बेकरने १९५० मध्ये हा प्रकार बाजारात आणला. मॉडेलमध्ये मोटरपासून पंख्यापर्यंत वाटेत दोनदा काटकोन घ्यावा लागतो, म्हणजे बेव्हल गिअरच्या दोन जोड्या, आणि ते छोटे गिअर हाच कच्चा दुवा. तयार युनिट परदेशातून मागवावं लागतं. थ्री-डी प्रिंटरवर बाहेरची घरं छापून आत धातूचे बेव्हल गिअर बसवणारे आहेत. प्लॅस्टिकचे गिअर छापू नका, पहिल्या ओढीला दात जातात. फिरवायला साधा सर्व्हो (रिमोटच्या हुकमाने ठरलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) पुरत नाही, तो अर्ध्या फेऱ्याच्या आत थांबतो. पूर्ण फेऱ्याचा सेल-विंच सर्व्हो किंवा मध्ये गिअर लागतो.

फॉइथ-श्नायडर हे वेगळंच रसायन. तळाखाली फिरणारी चकती, तिच्यातून खाली लोंबणारी उभी पाती, आणि प्रत्येक पातं फिरता फिरता आपला कोन बदलतं. ऑस्ट्रियाच्या एर्न्स्ट श्नायडरची ही कल्पना. मोटर कायम एकाच दिशेने, जवळपास एकाच वेगाने फिरते. पुढे, मागे, आडवं जाणं हे सगळं दोन सर्व्हो ठरवतात. त्यामुळे रिव्हर्सवाला ईएससीसुद्धा लागत नाही. ग्राउप्नर या जर्मन कंपनीचे छोटे प्लॅस्टिकचे युनिट एकेकाळी मिळायचे, आज जुन्या बाजारात. दुसरी-तिसरी टग झाल्यावर या वाटेला जा.

ईएससी किती अँपिअरचा?

मोटर पूर्ण अडकल्यावर जेवढा करंट घेईल तेवढ्याला टिकणारा, निदान फ्यूज उडेपर्यंत तरी. ३२० अँपिअर असं छापलेले स्वस्त ईएससी मिळतात. ज्या ईएससीच्या वायरी बॉलपेनच्या रिफिलएवढ्या, त्यातून ३२० अँपिअर जातील का, हे स्वतःला विचारा. टगला खरे २० अँपिअर बक्कळ झाले.

कारच्या ईएससीत रिव्हर्ससाठी आधी ब्रेक, मग सोडून पुन्हा मागे असं करावं लागतं. समोर जहाजाची भिंत आलेली असताना हा खेळ नको. बोटीचा घ्या किंवा ब्रेक बंद करता येतो का बघा. दोन ईएससी असतील आणि दोघांतही रिसीव्हरला वीज देणारं बीईसी असेल, तर एकाची लाल वायर रिसीव्हरच्या प्लगमधून काढून टेप लावून ठेवा.

पाण्याने थंड करायची सोय हवी का?

नको. टगची मोटर थंड करायला पाणी लागत असेल तर पंखा किंवा रिडक्शन चुकलंय.

बॅटरी कुठली?

विमानवाले हसतील, पण टगला सीलबंद लेड-अॅसिड अजून शोभते. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-सव्वादोन किलोची असते. सव्वापंधरा किलोच्या बोटीत नाहीतरी शिसं भरायचंच आहे, मग ते वीज देणारं का नको? तळाशी, मधोमध बसवा. ७ अँपिअर-तास हा आकडा वीस तास सावकाश काढलेल्या विजेचा; तुम्ही ४-५ अँपिअर ओढलेत तर पूर्ण मिळणार नाही. निम्मी रिकामी झाली की काठावर आणा, आणि घरी आल्या आल्या चार्ज करा. रिकामी ठेवलेली लेड-अॅसिड आतून मरते.

वरच्या ५५टी मोटरींना १२ व्होल्ट जास्त होतात, त्यांना ६ व्होल्टची घ्या. लहान मुलांच्या बसायच्या गाड्यांत असते तीच. लिथियम वापरायचं तर एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) जातीचे सेल बीएमएससकट, म्हणजे सेल जपणाऱ्या सर्किटसकट, आणि उरलेलं वजन शिशाच्या छर्‍यांनी भरा. फ्यूज बॅटरीच्या अधिक टर्मिनलजवळच. मोटारसायकलच्या सामानाच्या दुकानात मिळणारा चपटा १० अँपिअरचा पुरतो.

शाफ्ट आणि मोटर एका रेषेत कसे आणायचे?

डोळ्याने नाही. शाफ्ट आणि मोटरचा दांडा दोन्हींवर घट्ट बसेल अशी पितळी नळी घ्या, किंवा लेथवाल्याकडून एक तुकडा करून घ्या. दोघांना त्या नळीने ताठ जोडा. आता मोटरचा पाट जिथे टेकतो तिथे एपॉक्सी लावा, वाळू द्या, मगच नळी काढून युनिव्हर्सल कपलिंग बसवा. वाकड्या रेषेवर कपलिंग घालून चालवलं तर ते चालतं, पण टिकटिकत आणि वीज खात.

नळीत ग्रीस हलकं भरा. बेअरिंगचं घट्ट पिवळं ग्रीस भरलेला एक शाफ्ट माझ्याकडे आला होता, पंखा न लावताच अर्धा अँपिअर खात होता. तपासणी सोपी आहे: मोटर एकटी किती करंट घेते ते मीटरवर बघा, मग शाफ्ट जोडून बघा. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्ही घर्षणाला रोज दिलेली लाच.

तळ्यावर जाण्याआधी कसं तपासू?

पाण्याच्या मोठ्या पिंपात किंवा छोट्या फुगवत्या तलावात. साहित्य तीन वस्तूंचं: प्रवासी बॅग मोजायचा टांगता डिजिटल काटा, मल्टिमीटर, आणि नायलॉनची दोरी. बोटीच्या मागच्या खुंटाला दोरी, दोरीला काटा, काटा भिंतीतल्या हुकाला. मल्टिमीटर बॅटरीच्या वायरीत १० अँपिअरच्या खाचेत. हळूहळू थ्रॉटल वाढवा आणि प्रत्येक टप्प्याला ओढ आणि अँपिअर लिहून घ्या. पूर्ण थ्रॉटलवर एक मिनिट ठेवा, मग मोटरला हाताचं बोट लावा. पाच सेकंद बोट ठेवता आलं तर पास. नाही आलं तर पंखा लहान करा, रिडक्शन वाढवा किंवा व्होल्ट कमी करा, याच क्रमाने नव्हे, जे हाताशी असेल ते.

छोट्या पिंपात पाणी गोल फिरायला लागतं आणि काटा खोटं बोलतो. म्हणून जेवढं भांडं मोठं तेवढं बरं. आणि घरच्या बाथटबचा विचार सोडा. ग्रीसचे डाग पडतात आणि त्यावरून जे ऐकावं लागतं ते अँपिअरमध्ये मोजता येत नाही.

मोटर चालू केली की सर्व्हो थडथडतात.

ब्रशच्या ठिणग्या. ०.१ मायक्रोफॅरडचे, अंगावर १०४ लिहिलेले तीन सिरॅमिक कपॅसिटर: एक दोन्ही टर्मिनलमध्ये, बाकीचे दोन एकेका टर्मिनलपासून मोटरच्या डब्याला. डबा आधी घासून घ्या, नाहीतर सोल्डर धरत नाही.

हे सगळं वाचून घाबरलो. सुरुवात कशाने करू?

स्प्रिंगर टगने. १८ इंच लांब, ८ इंच रुंद प्लायवूडची पेटी, पुढे थोडी उचललेली. दोन रविवारांत उभी राहते. त्यात एक ५४० क्रॉलर मोटर, बेल्ट, एक पंखा, ६ व्होल्टची बॅटरी. सामान पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्स लॅमिंग्टन रोडला आणि बुश, बेअरिंग, पितळी नळ्या नागदेवी स्ट्रीटला. पंखे मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात, आणि मागवताना धाग्याचं माप बघा: एम४ चा शाफ्ट आणि एम५ चा पंखा यांचं लग्न लागत नाही.

खाडीत किंवा समुद्रात चालवू का?

चालवा, पण घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, नळीतलं ग्रीस बदला, मोटरचा बुश पुसून तेलाचा एक थेंब सोडा. खाऱ्या पाण्याचा एक शिंतोडा ब्रशवाल्या मोटरीत गेला की पुढच्या रविवारी ती गंजून बसलेली असते. भरतीच्या प्रवाहाचा वेग तुमच्या टगच्या वेगाहून जास्त असू शकतो, हे सोडण्याआधी लक्षात घ्या.

मध्येच वेग गेला आणि मोटर तापली. काय झालं असेल?

दहापैकी नऊ वेळा पंख्यात काहीतरी अडकलेलं असतं. पाषाणसारख्या तळ्यात जलपर्णीची मुळं. गणपतीनंतर कुठल्याही तळ्यात निर्माल्यातला दोरा. हा दोरा पंखा आणि नळी यांच्यातल्या फटीत शिरतो, गुंडाळत जातो, आणि शेवटी बुश पुढे ढकलून बाहेर काढतो. मागच्या वर्षी असाच एक दोरा काढायला मला पंखा उतरवावा लागला. ब्लेडने कापत कापत निघाला तो हातभर लांब, अजून लाल, एका टोकाला झेंडूची पाकळी चिकटलेली. फ्यूज उडाला होता, मोटर शाबूत होती. तेव्हापासून पंखा आणि नळीमधली फट मी कागदाच्या दोन घड्या जातील एवढीच ठेवतो, आणि चतुर्थीनंतरचे दोन आठवडे टग कपाटावर असते.